खुर्चीच्या चाकाखालचं लिंबू

काल खंडेनवमी झाली, आज दसरा. गल्लीतल्या नालीत अजून साबणाचा फेस आहे आणि त्यावर झेंडूच्या पाकळ्या तरंगतायत. काल दिवसभर आमच्या गावातल्या बोअरना उसंत नव्हती. ज्याच्या घरी चाक आहे, पातं आहे, फाळ आहे, त्यानं ते अंगणात ओढून आणलं आणि घासूनपुसून धुतलं. ट्रॅक्टर धुतले, मोटरसायकली धुतल्या. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी कोयते चकचकीत करून भिंतीशी ओळीनं उभे केले आणि त्यांना हळदीची बोटं ओढली. सगळं कसं लख्ख, ओलं, सुवासिक. मला हा सण बघवत नाही.

दर नवमीला मी सकाळीच खुर्ची आतल्या खोलीत नेते आणि दार लोटून बसते. बाहेर पाइपचं पाणी पत्र्यावर तडतडलं की माझ्या उजव्या हाताची बोटं आपोआप आवळली जातात. लोक म्हणतात, आक्काला सणावाराचा राग आहे. लोकांचं बरोबर आहे.

माझी खुर्ची बॅटरीवर चालते. उजव्या हाताशी एक लहानशी दांडी आहे. कंपनीच्या पुस्तिकेत तिला जॉयस्टिक म्हटलंय, माझी माय तिला कान म्हणते. कान पुढे ढकलला की खुर्ची पुढे, मागे ओढला की मागे, सोडून दिला की जागच्या जागी उभी. लहानपणी एका तापात माझे दोन्ही पाय गेले आणि डावा हात गेला. उजवा उरला, तोही अर्ध्या ताकदीचा. देवानं माझ्यासाठी शिल्लक ठेवलेल्या चार बोटांत नेमका मावेल एवढाच तो कान आहे. म्हणून हाताच्या चाकाची साधी खुर्ची मला कधीच उपयोगाची नव्हती. ती ढकलायला कुणीतरी लागायचं, आणि कुणीतरी म्हटलं की त्याची सवड आली, मर्जी आली, बोलणी आली.

मला आयुष्यभर लोकांनी उचललं आहे. बाजेवरून ओट्यावर, ओट्यावरून न्हाणीत, न्हाणीतून पुन्हा बाजेवर. लहान असताना मायनं, मग माझ्या पाठच्या भावानं, दत्तानं. दोघांनी कधी वाईट शब्द काढला नाही. पण मला खाली ठेवून सरळ होताना त्यांच्या तोंडून एक आवाज निघायचा. 'हुश्श.' त्यांना तो निघाल्याचं कळतही नसे. गोणी उतरवल्यावर निघतो तसा तो आवाज, साधा, अंगातून आलेला. एवढ्या वर्षांत मी तो किती वेळा ऐकला असेल, आणि एकदाही मला तो ऐकू आला नाही असं झालं नाही.

चार वर्षांपूर्वी श्रावणात खुर्ची आली. तालुक्याच्या शिबिरात नाव लागलं, दत्तानं मालकाच्या ट्रॅक्टरवर दोरानं बांधून ती पालमहून आणली. तेव्हाही तो दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता, आजही आहे. खुर्ची अंगणात उतरली तेव्हा शेजारच्या बायकांनी येऊन तिला हात लावून पाहिला. मी मात्र पुस्तिका मागून घेतली. बाहेरून का होईना बारावी केलेली बाई मी, छापलेलं काही दिसलं की सोडत नाही. अर्धी हिंदी, अर्धी इंग्रजी अशी ती पुस्तिका मी दोन दिवसांत तीनदा वाचली. बॅटऱ्या रोज चार्ज करायच्या. खुर्ची वापरली नाही तरी करायच्या, नाहीतर त्या पडल्या पडल्या मरतात. पुढच्या लहान चाकांच्या आसात दोरे, केस अडकू द्यायचे नाहीत. आणि अकराव्या पानावर एका नळाचं चित्र होतं, त्यावर ठसठशीत लाल फुली.

ते अकरावं पान मला आजही डोळे मिटून दिसतं.

माझ्या जिंदगीत एकच हंगाम असा गेला की ज्याला मी माझा म्हणू शकते. श्रावण ते दसरा. सोयाबीनच्या शेंगा भरत होत्या, कापसाच्या पऱ्हाटीला कळ्यांची पाती लागली होती. आमच्या घरापासून मोठ्या रस्त्यावरच्या फाट्यापर्यंत मुरूम टाकलेली वाट आहे, दोन्ही बाजूंनी कापूस. पहिल्या दिवशी मी फाट्यापर्यंत एकटी गेले. माय मागून चालत येत होती, मी थांबून तिला म्हटलं, "तू घरी जा."

"पडलीस बिडलीस तर?"

"पडले तर पडले. तू जा."

ती बराच वेळ तिथंच उभी राहिली असणार. मी मागे वळून पाहिलं नाही.

धडधाकट माणसाला कशी सांगावी ती गोष्ट? पऱ्हाटीचं फूल पहिल्या दिवशी पिवळट पांढरं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. शेतकऱ्याच्या घरात जन्मून मी ते पुस्तकात वाचलं होतं! कारण मला कुणी शेतातून नेलं तर ते कुठेतरी पोचवायला नेत, फुलापाशी थांबायला नव्हे. त्या श्रावणात मी एका झाडापाशी थांबले. थांबावंसं वाटलं म्हणून थांबले. दुसऱ्या दिवशी त्याच झाडापाशी पुन्हा थांबले. फूल गुलाबी झालं होतं. मी रडले, हसले, आणि मला ते करताना कुणी पाहिलं नाही, हे त्यातलं सगळ्यात मोठं सुख होतं.

फाट्यावर एका खोलीचं वाचनालय आहे. त्याचे चिटणीस म्हणजे आमचे निवृत्त गुरुजी. मी चार दिवस लागोपाठ तिथं पेपर वाचायला गेलेली पाहून त्यांनी गणपतीच्या सुमारास विचारलं, "बाई, येता जाता हायतच तुमी. किल्ली तुमच्याकडंच ठिवा की. सकाळी उघडा, सांजच्याला लावा." त्यांच्या लेखी ती सोय होती. मी ती किल्ली खुर्चीच्या हाताला सुतळीनं बांधली. ती खुर्चीच्या पत्र्यावर वाजत राहायची आणि तो आवाज ऐकत मी सकाळी कापसातून जायची. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरी तिथं अभ्यासाला यायच्या. त्यांतली एक मला मॅडम म्हणाली. मी तिला पुस्तक शोधून दिलं, वही पुढे सरकवली आणि सही घेतली. घरी कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

या थाटामाटाला मेहनत लागायची. आमच्या काळ्या मातीत चार शिंतोडे पडले की चिखल चाकाला असा चिकटतो की चाक दुप्पट जाड होतं. मी कापसाची काडी घेऊन तो एका हातानं खरवडायची. पहिली वेचणी सुरू झाली तसा वाटेवर कापूस उडायला लागला आणि त्याचे धागे लहान चाकांच्या आसात गुंडाळले जाऊ लागले. बाहेरून काही दिसत नाही, फक्त खुर्ची डावीकडे ओढते. ते धागे ब्लेडनं कापून काढावे लागतात. लाइट सकाळी जाणार की दुपारी, हे बघून चार्जर लावायचा. कानाच्या बुडाशी रबराची एक टोपी असते, आत पाणी-धूळ जाऊ नये म्हणून. उन्हानं ती चिरली, तेव्हा मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा सोल्युशननं तिच्यावर चिकटवला. चार बोटांनी तो चिकटवायला मला एक अख्खी दुपार लागली होती. चीर पूर्ण बुजली नव्हती, हेही मला ठाऊक होतं.

मग खंडेनवमी आली.

दत्तानं मालकाचा ट्रॅक्टर दारात आणून धुतला. मी बाजेवर बसून पाहत होते, खुर्ची शेजारी उभी होती. ट्रॅक्टर झाला, मोटरसायकल झाली, मायचा विळासुद्धा झाला. अंगणात गल्ली जमलेली. आणि माय म्हणाली, "दत्ता, आक्काच्या गाडीला बी घे की रे. तिचं औत हाय ते."

तिचं औत. आमच्याकडे ज्याला औत आहे त्याला जागा आहे. पंगतीत, बोलण्यात, भांडणात. चाळीशीला टेकलेल्या मला त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी औतवाली म्हटलं होतं, सगळ्या गल्लीदेखत. माझा ऊर भरून आला.

दत्तानं खुर्ची मधोमध ओढली. मनापासून हसत होता. "आक्का, बघ आता कशी नवरी करतो हिला," असं म्हणत त्यानं पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला. पाण्याची धार सुटली. आधी चाकांवर, मग पाठीवर, मग हातावर. चिखल निघाला, कापूस निघाला. मग धार कानाकडे वळली.

माझं तोंड उघडलं होतं. अकरावं पान माझ्या डोळ्यांपुढे उभं होतं, लाल फुलीसकट. 'थांब' हा एक शब्द पुरला असता. पण शेजारची बाई तेव्हाच मायला म्हणत होती, "तुमच्या आक्काची गाडी लय भारी दिसायली बघा," आणि माय हसत होती. मी तोंड मिटलं. एवढ्याशा पाण्यानं काय होतंय, असं मी स्वतःला सांगितलं. मला ती धार थांबवायची नव्हती. माझ्या वस्तूला लोक पहिल्यांदाच न्हाऊ घालत होते आणि मला ते पुरेपूर हवं होतं.

हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. मग ट्रॅक्टरच्या चाकांखाली ठेवतात तशी चार लिंबं खुर्चीच्या चारी चाकांखाली ठेवली. दत्तानं मला उचलून खुर्चीत बसवलं. त्याही दिवशी तो 'हुश्श' म्हणाला. मी कान पुढे ढकलला. मागच्या चाकांखालची लिंबं फच्च करून फुटली आणि लिंबाचा, साबणाचा, हळदीचा मिळून एक वास आला. पोराटोरांनी टाळ्या वाजवल्या. पुढचं एक लिंबू चाकाखाली न सापडता निसटून नालीत गेलं. त्याचंही लोकांना हसू आलं.

दसऱ्याच्या सकाळी खुर्ची चालू झाली नाही. नुसते दिवे लुकलुकत राहिले. पुस्तिकेतल्या नंबरावर फोन लावला तर पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, किती वेळा ब्लिंक होतंय ते मोजून सांगा." मी मोजून सांगितलं. तिनं विचारलं, "पाणी गेलं होतं का?" दत्ता समोर उभा होता. फोनचा स्पीकर चालू होता. मी म्हटलं, "हो, धुतली होती." ती म्हणाली, "पुस्तिकेत लिहिलंय ना, धुवायची नाही म्हणून. वाचली नव्हती का कुणी?"

दत्तानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. तो म्हणाला, "मला काय म्हाईत, आक्का. मला कुठं वाचता येतं इंग्रजी."

तेव्हाही मी बोलले नाही.

पुढचं सगळं नेहमी जसं होतं तसंच झालं. माणूस येतो म्हणाले, आला नाही. पार्ट निघाला म्हणाले, पोचला नाही. शेवटी होळीनंतर नवा कान आला, पण तोवर बॅटऱ्या मेल्या होत्या. बंद खुर्चीला कशाला चार्जिंग, म्हणून कुणी लावलीच नव्हती. पुस्तिकेतलं हेही मला ठाऊक होतं, पण त्या दिवसांत मी खुर्चीकडे पाठ करून झोपत होते. मग कुठून तरी जुन्या बॅटऱ्या मिळाल्या. खुर्ची आता चालते. दारापासून कडुनिंबापर्यंत जाते आणि परत येते. फाट्याच्या वाटेवर अर्ध्यात तिचे दिवे लाल होतात.

खुर्ची बंद पडल्यावर लगेच, वाचनालयासाठी दत्तानं मला पंधरा दिवस मोटरसायकलवर नेलं होतं. टॉवेलनं पाठीशी बांधून, लेकराला बांधतात तसं. सोळाव्या दिवशी माझी पोटरी सायलेन्सरला लागून भाजली. पाय चालत नाहीत म्हणजे दुखत नाहीत असं नाही. मी म्हटलं, पुरे. दुसऱ्या दिवशी गुरुजी घरी आले, चहा घेतला, तब्येत विचारली. "तुमची गैरसोय नको, बाई," म्हणाले. किल्ली मृत खुर्चीच्या हाताला तशीच बांधलेली होती. सुतळीची गाठ त्यांना सुटेना, म्हणून त्यांनी मायकडून विळा मागून घेतला. तोच, हळद लावलेला.

त्या दिवसापासून दत्ताचा 'हुश्श' बंद झाला.

माझ्या हे आधी लक्षात आलं नाही. मग एकदा न्हाणीतून आणून त्यानं मला बाजेवर ठेवलं आणि मी सवयीनं वाट पाहिली, तर काहीच नाही. त्यानं ओठ घट्ट मिटले होते. तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता. चार वर्षं मला त्यानं असंच उचललं, श्वास आत कोंडून. आणि खुर्चीची निगा! दर रविवारी आसातला कापूस ब्लेडनं कापणं, कोरड्या फडक्यानं पुसणं, जुन्या ब्रशनं सांधे झाडणं. दर संध्याकाळी, कितीही दमून आला तरी, आधी चार्जर लावणार, हिरवा दिवा बघणार, मग हातपाय धुणार. पुस्तिका त्यानं एका पोलीस भरतीवाल्या पोरीकडून पानोपान वाचून घेतली. सबंध पालम तालुक्यात या खुर्चीबद्दल त्याच्याएवढं कुणाला कळत नसेल.

आणि मला ते बरं वाटत होतं. हे लिहायला हात धजत नव्हता, पण आता लिहिते. माझी वाट गेली, किल्ली गेली, फुलापाशी थांबणं गेलं. त्या बदल्यात मला एक माणूस मिळाला जो मला उचलताना उसासा टाकत नाही. त्याचा अपराध माझ्या कामाचा होता. मी तो खुर्चीच्या बॅटरीसारखा जपला, कधी उतरू दिला नाही. 'माझा हंगाम' असं नुसतं म्हटलं तरी त्याची मान खाली जायची. आणि मी ते अधूनमधून म्हणत होते.

काल सकाळी माझी भावजय सुरेखा आतल्या खोलीत आली, दार लोटून घेतलं आणि माझ्यापुढे बसली. ती सहसा बसत नाही.

"आक्का, मालक ह्येन्ला कारखान्याला ऊस वाहतुकीवर धाडायलाय. होळीपस्तोरचं काम हाय, चांगलं हाय. हे न्हाई म्हणायलेत. चौथं वरीस हाय हे न्हाई म्हणायचं."

"का?"

"का म्हणून इचारता? म्हणत्यात, माझ्या हातानं आक्काची जिंदगी गेली, मी तिला टाकून कुठं जाऊ." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुमी सांगा की त्येन्ला एकदा. तुमचंच ऐकत्यात."

तिनं हे भांडून सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती भांडली नाही.

दुपारी बाहेरचं पाणी थांबल्यावर दत्ता आत आला. हातात कोरडं फडकं. दरवर्षीसारखं उंबऱ्यातूनच म्हणाला, "आक्का, पुसू का?"

"पूस."

तो खाली बसला आणि चाकापासून सुरुवात केली. हळदीकुंकवाचं ताट त्यानं आणलं नव्हतं. चार वर्षं आणलं नाही. मी त्याच्या डोक्याकडे बघत म्हणाले, "दत्ता, मला ठाऊक होतं."

"काय?"

"पाणी घालायचं नाही ते. मी वाचलं होतं. तू धार धरलीस तेव्हा मी बघत होते."

त्याचा हात थांबला. बाहेर कुणाच्या तरी ट्रॅक्टरखाली लिंबू फुटल्याचा आवाज आला आणि पोरांनी कल्ला केला.

"मग बोलली कामून न्हाईस?"

"गल्ली बघत होती. माझ्या गाडीला हळद लागायची होती. मला ते पाहिजे होतं."

"आन् नंतर? नंतर चार वर्सं कामून न्हाई बोललीस?"

त्यानं मग फडक्याची घडी केली, खुर्चीच्या हातावर ठेवली, जिथं पूर्वी किल्ली असायची तिथं, आणि उठून गेला. अर्धीच खुर्ची पुसून झाली होती.

सुरेखा संध्याकाळी मला ताट द्यायला आली तेव्हा म्हणाली, "व्हय म्हणाले मालकाला. परवा निघायलेत." तिच्या आवाजात आनंद होता आणि तो मला कळू नये अशी धडपडही. मी म्हटलं, चांगलं झालं. खरंच चांगलं झालं.

जेवणं झाल्यावर दत्ता मला बाजेवर ठेवायला आला. एक हात गुडघ्यांखाली, एक पाठीखाली, नेहमीसारखा. मला खाली ठेवलं, उशी सरळ केली आणि कमरेला हात लावून उभा राहिला. आणि चार वर्षांनी पहिल्यांदा त्याच्या तोंडून आवाज निघाला.

"हुश्श."

त्याला तो निघाल्याचं कळलंही नाही. तो बाहेर गेला, ओट्यावर बसला, सुरेखाशी कारखान्याच्या गोष्टी बोलू लागला. कोपऱ्यात खुर्ची तशीच उभी होती. चार्जर खुंटीला लटकत होता, काल तो लावायचा राहिला होता. हाक मारली असती तर तो आला असता. मी हाक मारली नाही.